व्हिपवर माझी सही

गटनेता व्हायला आमच्या नऊ जणांत कोणीच तयार नव्हतं, म्हणून मला केलं. आमची नगरपंचायत सतरा जणांची. निवडणुकीत आमच्या पक्षाचे नऊ आले, समोरचे आठ. मी चौथ्या वॉर्डातून, बायकांसाठी राखीव असलेल्या जागेवरून. तोवर गावात माझी ओळख ब्लाउज शिवणारी एवढीच होती. बाजारगल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आणि त्याला लागूनच नवऱ्याचं मोटारी रिवायंडिंगचं.

तालुकाध्यक्ष दुकानात आले तेव्हा मी कुणाची तरी बाही उसवत बसले होते.

"अक्का, यात काई काम न्हाई," ते म्हणाले. "जालन्याला जाऊन गटाची नोंदणी करायची, एक सही ठोकायची. बाकी आम्ही हाये ना."

मी म्हटलं, कागद वाचून सही करीन. त्यांना त्याचं हसू आलं. पण मी वाचला. शिवाय जालन्याच्या कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, या पदाचं काम नेमकं काय. त्या माणसाचा जेवणाचा डबा उघडलेला होता, तरी त्यानं नीट सांगितलं. म्हणाला, "ताई, मतदान कोणाला करायचं त्याचा पक्षादेश तुमच्या सहीनं निघणार. व्हिप म्हणतात त्याला. तो कोणी मोडला तर त्याचं सदस्यपद जावं म्हणून अर्ज तुम्हीच करायचा."

परतताना जीपमध्ये मी हे तालुकाध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "आपलं कोण फुटून राह्यलं?"

नगराध्यक्ष आम्हा सतरा जणांतूनच निवडायचा होता. नऊ विरुद्ध आठ, म्हणजे एक जरी हलला तरी गणित बिघडणार. तसं होऊ नये म्हणून आमदारसाहेबांनी आम्हा नऊ जणांना दोन जीपमध्ये घालून जांब समर्थला नेलं. देवळात नारळावर हात ठेवून एकेकानं शपथ घ्यायची होती, पक्ष सोडणार नाही म्हणून. माझ्या शेजारी सातव्या वॉर्डाची मैत्रीण उभी होती. प्रचारात आम्ही दोघी एकाच छत्रीखाली फिरलो होतो. तिचा नवरा बोअरवेलच्या गाडीचा मालक. तिनं शपथ सगळ्यांत मोठ्या आवाजात घेतली, इतकी की बाहेरच्या नारळवाल्या बाईनं आत डोकावून पाहिलं.

आमच्यात अकराव्या वॉर्डाचे मास्तर होते, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. ते सभामंडपाच्या कडेला हात बांधून उभे राहिले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं तसे म्हणाले, "साहब, मैं जुबान देतो. मेरी जुबान बस हाये."

साहेबांनी त्यांना मिठी मारली. मग परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "चिन्हावर निवडून यायचं आन् दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं, असला माणूस मला दिसला तर मी त्याला तालुक्यात फिरू देणार न्हाई." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला ते मनापासून पटलं होतं.

मतदानाला चार दिवस राहिले आणि दोघांचे फोन बंद झाले. एक खताच्या दुकानाचे मालक. दुसरी माझी मैत्रीण. तिच्या घरी विचारलं तर कळलं, माहेरी जाफराबादला गेली आहे, आईला बरं नाही. जाफराबादला आमच्या नात्यातली एक बाई आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, आई तर मघाशीच भाजी घेऊन गेली की समोरून.

आता तालुकाध्यक्षांना हसू येत नव्हतं. टाइप केलेला व्हिप घेऊन ते सकाळीच दुकानात आले. मी सही केली.

"संध्याकाळच्या आत पोचला पाह्यजे," ते म्हणाले. "न्हाई तर उद्या म्हणतील, आम्हाला भेटलाच न्हाई."

"तुम्ही चला ना सोबत."

"मला साहेबांकडं जायचंय, अक्का. तुम्ही गटनेत्या हायेत."

मास्तर माझ्यासोबत आले. खताच्या दुकानात मालकांचा भाऊ काउंटरवर होता. त्यानं कागद घेतला, पोच म्हणून सही दिली आणि म्हणाला, "भाऊ गावाला गेल्ते, आले की देतो." एवढंच. पाच मिनिटांत काम झालं.

मैत्रिणीच्या घरी सासू एकटी होती. तिनं कागद हातात घ्यायला साफ नकार दिला. "सुनंचं कागद म्या कशाला घिऊ? त्ये पोरगं मला रागवंल." मग पक्षाच्या वकिलानं सांगून ठेवल्याप्रमाणे कागद दारावर चिकटवायचा, दोन पंच उभे करायचे आणि फोटो काढायचा असं ठरलं. आम्ही चिकटपट्टी नेली होती, पण दाराचा रंग पोपडे धरलेला. पट्टी रंगासकट सुटून यायची. तीनदा लावला, तीनदा पडला. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटी तिलाच राहवलं नाही. "असं कुठं चिकटतंय का बाई, थांबा," म्हणाली आणि आत जाऊन वाटीभर कणकेची खळ करून घेऊन आली. स्वतःच्या बोटांनी तिनं ती दाराला फासली. मी कागद लावला, मास्तरांनी तळहातानं दाबला, समोरच्या किराणावाल्यानं आणि एका शिक्षकानं पंच म्हणून सह्या केल्या. मग म्हातारीनं आम्हाला चहा पाजला.

मतदान हात वर करून होतं. नगरपंचायतीच्या सभागृहात त्या दिवशी पोलीस होते. दोघं थेट समोरच्यांच्या गाडीतून उतरले. मैत्रिणीच्या अंगावर मी शिवलेला हिरवा ब्लाउज होता. अधिकाऱ्यांनी आमच्या उमेदवाराचं नाव घेतलं, सात हात वर गेले. समोरच्याचं घेतलं, दहा. तिनं हात वर केला तेव्हा ती समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. खतवाले मात्र माझ्याकडे बघून हसले, लग्नात ओळखीचं कोणी दिसावं तसे.

बाहेर गुलाल सुरू झाला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि राग कुणावर काढावा हेच कळेना. सातव्या वॉर्डात मी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं होतं, हिला मत द्या, माझी जबाबदारी. आता त्या बायका मला विचारणार होत्या, आणि विचारलंही. नळावर एकीनं विचारलं, "तुमच्या मैत्रिणीनं काय केलं वो अक्का हे?"

आठवड्याभरातच मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज केला. साहेबांनीच वकील दिला. फोनवर म्हणाले, "सोडायचं न्हाई, अक्का. यांना धडा शिकवायचाच. तुम्ही वाघीण हायेत आपली." तो फोन मी नवऱ्यालाही ऐकवला होता. तो मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "वाघीण म्हणले म्हणजे जालन्याच्या चकरा तुलाच मारायच्या आता."

त्याचं खरं झालं. तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला समोरच्या वकिलांनी वेळ मागितला. दुसऱ्या तारखेला वकालतनामा बदलला. तिसऱ्या तारखेला त्यांना कागदांच्या नकला स्पष्ट दिसत नव्हत्या. मग कुठल्या तरी निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग आमच्याच वकिलाच्या घरी लग्न निघालं. दर वेळी मी दुकान बंद ठेवून सकाळच्या एसटीनं जायचे, लग्नसराईत बायकांची बोलणी खायचे, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचे. मास्तर दर वेळी सोबत असायचे, साक्षीदार म्हणून. पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि अर्जाच्या प्रतीची प्लास्टिकची फाइल. रस्त्यात कोणी विचारलं तर म्हणायचे, "इन्साफ के लिये चक्कर मार रहे, बाबा." आणि स्वतःच हसायचे.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट ही की मैत्रीणही त्याच एसटीनं यायची. दुसरी गाडीच नव्हती. कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही एकाच बाकड्यावर बसायचो, मधे मास्तर. एकदा परतीच्या गाडीला तुफान गर्दी होती. मी वर चढले तर तिनं माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरलेली. मला बसू नये असं वाटत होतं, पण कंबर मोडली होती. बसले. दीड तास मी खिडकीबाहेर बघत होते. उतरताना ती म्हणाली, "तुझं काम तू कर, माझा राग न्हाई." मला संताप आला. तिचा राग नाही! जशी काही चूक माझी होती.

मग तिचं शपथपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, व्हिप मला मिळालाच नाही. सासू वयस्कर असून तिला वाचता येत नाही, दारावर कुठलाही कागद लावलेला तिनं पाहिला नाही. खाली सासूचा अंगठा होता. जिनं स्वतःच्या हातानं खळ करून दिली तिचा. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बुढी के पास से अंगूठा लेतानी शरम न्हाई वाटली यांना."

तरी मला वाटत होतं, आपली बाजू बळकट आहे. फोटो आहे, पंच आहेत, खतवाल्यांच्या भावाची पोच आहे. आणि मुख्य म्हणजे पक्ष पाठीशी आहे.

पक्ष पाठीशी होता तो एका दुपारपर्यंत. नवऱ्याच्या दुकानातल्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मुंबईहून दाखवत होते, आमदारांचा एक गट दुसरीकडे गेला म्हणून. बसमधून एकेक जण उतरत होता. नवऱ्यानं मला हाक मारली. "ये जल्दी. तुझे साहेब बघ."

साहेब होते. पांढरा शर्ट, गळ्यात नव्या रंगाचं उपरणं. पत्रकारानं माइक पुढे केला तसे म्हणाले, मतदारसंघाच्या विकासासाठी हा निर्णय घेतला. ज्यांच्याकडे आमचे दोघं गेले होते, साहेब त्यांच्याकडेच गेले होते. अख्खेच्या अख्खे.

दुसऱ्या दिवशी तालुकाध्यक्ष आले. या वेळी त्यांच्यासोबत खताच्या दुकानाचे मालकही होते. दोघं हसत हसत पायऱ्या चढले.

"अक्का, आता आपण सगळे एकच झालो," तालुकाध्यक्ष म्हणाले. "तो अर्ज मागं घेऊन टाका."

"कोणता अर्ज?"

"अपात्रतेचा. आता भावाविरुद्ध भाऊ कशाला?"

खतवाले म्हणाले, "मी तर फक्त चार पावलं पुढं गेल्तो, अक्का. आता सगळे तिथंच आले."

मी मशीन थांबवलं. "तुम्ही व्हिप मोडला का न्हाई?"

"मोडला. पन् आता तो व्हिप ज्या पक्षाचा होता..."

"त्याच्यावर सही माझी होती."

तालुकाध्यक्षांनी समजावणीचा सूर लावला. "अक्का, सही तुमची, पन् डोकं साहेबांचं होतं ना. साहेबच म्हणून राह्यले, सोडून द्या."

मी म्हटलं, साहेबांनाच विचारीन. आमच्या नऊ जणांतून दोघं आधीच गेलेले, पाच आता साहेबांच्या मागे गेले. उरलो मी आणि मास्तर. मास्तरांनाही बोलावणं आलं होतं. त्यांनी सांगितलं, "मैंने जांब को जुबान दी है, साहब को नहीं दी." तालुकाध्यक्षांना ते कळलंच नाही.

साहेब महिनाभरानं आले, रेस्ट हाउसवर. बाहेर हारतुऱ्यांची गर्दी. मी आणि मास्तर तीन तास बसलो. आत गेल्यावर साहेबांनी आधी मास्तरांची तब्येत विचारली, मग माझ्या दुकानाची. माणूस म्हणून ते गोडच होते, तेच तर अवघड होतं.

मी सरळ विचारलं. "साहेब, मी दोघांवर अर्ज केला, तुमच्या सांगण्यावरून. त्यांनी केलं तेच तुम्ही केलं. मंग तुमच्यावर अर्ज कोणी करायचा?"

साहेब हसले. "अक्का, माझं वेगळं हाये. आम्ही गटानं गेलो. कायद्यात बसतं ते."

"दोघं गेले तर बेइमानी, आन् गटानं गेलं तर कायदा?"

"तसं न्हाई. राजकारणात कधी कधी मोठा निर्णय घ्यावा लागतो. आन् मला जनता विचारंल ना पाच वर्षांनी."

"जनतेनं चिन्ह बघून मत दिलं. ते आता कुठं शोधायचं तिनं?"

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. "तुमच्या वॉर्डात काय राह्यलंय? रस्ता? लिहून द्या. याच महिन्यात टाकून देतो." आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "अक्काचं लिहून घे रे."

माझ्या वॉर्डात रस्ता खरंच नव्हता. तो माणूस वही उघडून उभा राहिला आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. रस्ता सांगावा तर ह्यांच्या सौद्यात मी सामील. नाही सांगावा तर चिखलातून जाणाऱ्या बायकांचा काय गुन्हा? शेवटी मी रस्ता लिहून दिला. आणि निघताना म्हटलं, "अर्ज मी मागं घेणार न्हाई." साहेब म्हणाले, "तुमची मर्जी, अक्का."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "सडक लिखवा दी, बराबर किया." मला ते बराबर वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. रस्ता झाला नाही तो भाग वेगळा.

त्यानंतर वकिलानं फोन उचलणं कमी केलं. मग तालुकाध्यक्षांच्या सहीनं मला त्यांच्या नव्या पक्षाचं पत्र आलं, शिस्तभंगाचं, जशी काही मीही त्यात गेले होते. पक्षाच्या निर्णयाविरुद्ध भूमिका घेतल्याबद्दल खुलासा करा. मी चार पानी खुलासा लिहिला, मास्तरांनी तपासला, शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

तारखांना आता मी आणि मास्तर दोघंच जायचो, वकिलाशिवाय. अधिकारी तीनदा बदलले. शेवटच्या अधिकाऱ्यांनी फाइल खरोखर वाचली होती. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा पक्ष आता हा अर्ज चालवतोय का?"

मी म्हटलं, "पक्षाचं मला माहीत न्हाई. मी चालवून राह्यले."

त्यांनी फोटो पाहिला, पंचांची नावं पाहिली, अंगठ्याचं शपथपत्र पाहिलं. म्हणाले, पुढच्या तारखेला युक्तिवाद घेऊन निकाल देऊ. आयुष्यात पहिल्यांदाच मी जालन्याहून खूश होऊन परत आले. मास्तरांनी स्टँडवर उसाचा रस पाजला.

ती तारीख आली नाही. त्याआधी नगरपंचायतीची मुदत संपली, प्रशासक आला. सदस्यच राहिले नाहीत तर सदस्यत्व कुणाचं काढणार? अर्ज निकाली निघाल्याचं एका ओळीचं पत्र आलं. मैत्रीण पूर्ण मुदत भोगून माजी सदस्य झाली, खतवालेही झाले, मीही झाले. नावापुढे तिघांनाही तोच शब्द.

त्यानंतर एका दुपारी ती दुकानात आली. हातात ब्लाउजपीस होतं. बसली. बराच वेळ पंख्याकडे बघत होती.

"मला घरातून सांगितलं, हात वर कर. केला," ती म्हणाली.

"हात तुझा होता ना?"

"तुझा नवरा म्हणला असता तर तू काय केलं असतं?"

मी म्हटलं, "भांडले असते."

"तुझा भांडू देतो," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सासूचा अंगठा घेतला त्या दिवशी मी जेवले न्हाई."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. इतक्या तारखा, इतक्या चकरा, आणि ही आता सांगतेय. पण खरं तर ही एकटीच होती जिनं येऊन काही सांगितलं. खतवाले नाही आले, तालुकाध्यक्ष नाही, साहेब तर नाहीच. मी माप घेतलं. तिचा दंड बारीक झाला होता. ब्लाउज शिवून दिला, पण घरी चल म्हटली तर गेले नाही. अजून गेलेली नाही.

राहिले माझ्या वॉर्डातले लोक. त्यांनी मला निवडून दिलं होतं, तेव्हा काय झालं ते त्यांना सांगावं असं मला वाटलं. मारुतीच्या पारावर रविवारी सकाळी या म्हणून घरोघर निरोप दिला. अकरा जण आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, शपथ, व्हिप, तारखा, साहेब. अर्धा तास बोलले. घसा कोरडा पडला.

सगळं ऐकून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मंग आता तुम्ही कोणत्या पार्टीत हायेत?"

"कोणत्याच न्हाई."

"मंग पुढच्या टायमाला कसं करता?"

दुसऱ्यानं विचारलं, "त्या दोघांना काय झालं शेवटी?"

"काई न्हाई."

"आन् तुम्ही फुटल्या न्हाईत, तर तुम्हाला काय भेटलं?"

मी चिडले. म्हटलं, "मला काय भेटायचं होतं? तुमचं मत होतं ते. मी ते कुणाला देऊन टाकलं न्हाई, एवढंच सांगायला बोलावलं."

मग मागे उभी असलेली एक बाई पुढे आली. तिनं काय विचारावं? म्हणाली, "अक्का, आमच्या दारातली नाली तुंबलीय दोन महिने झाले. लेकरं आजारी पडून राह्यलीत. ते तुम्ही सांगता का आम्हीच जावं?"

मी म्हटलं, मी आता सदस्य नाही. ती म्हणाली, म्हणून काय झालं, लिहिता तर येतं ना तुम्हाला.

पारावर बसूनच मी अर्ज लिहिला. त्यावर सह्या घेतल्या. अकराच्या अकरा जणांनी केल्या, फुटण्याबद्दल विचारणाऱ्यानं सुद्धा. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे दिला आणि पोच घेतली. नाली अर्धीच काढली त्यांनी, कोपऱ्यापर्यंत. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरा अर्ज दिलाय.